शेणाच्या आगीवरचा दवाखाना

शेणाची आग मला नवी नव्हती. अमरावतीला आमच्या घरी चुलीत गोवऱ्याच जळायच्या आणि त्यांच्या धुरानं आईचे डोळे बारा महिने लाल असायचे. पण नर्सिंगचं शिक्षण संपवून मी वाशीम तालुक्यातल्या एका खेड्यात रुजू झाले आणि तिथल्या दवाखान्यामागं जे पाहिलं, ते मला अजून पुरतं पचलेलं नाही.

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याखालचा तालुका होता. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. माझं गाव केनवडच्या बाजारापासून दोन कोसांवर, विजेचे खांब अजून न पोचलेलं. गावाचे दोन भाग होते, वरचा पुरा आणि खालचा पुरा. मधून नाला वाहायचा आणि नाल्यावर ओलांडायला दगडी फरशी होती, कठडे नसलेल्या बसक्या पुलासारखी. दवाखाना म्हणजे टिनाच्या छपराच्या दोन खोल्या, खालच्या पुऱ्याच्या बाजूला, अगदी काठावर. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकी सहा दिवस मी होते, आणि दाई होती.

दाई साठीची, वाळक्या अंगाची, खालच्या पुऱ्यातली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. ती सरकारी नोकर नव्हती, पण रोज सकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसायची. पहिल्या आठवड्यात तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "लय मऊ हायेत. होतीन घट्ट."

मी येऊन दोन महिने झाले असतील. पंचायत समितीतून एक मिस्त्री आला. त्यानं दवाखान्यामागं विहिरीसारखा खोल खड्डा खणून घेतला, आतून विटांनी बांधला आणि त्यात एक भला मोठा लोखंडी ढोल पालथा सोडला. टाक्यात कालवलेलं शेणाचं पाणी नळीनं खड्ड्यात सोडायचं, ते आत कुजतं, त्याचा गॅस होतो, गॅस ढोलाखाली साठतो आणि ढोल वर उचलला जातो, असं त्यानं सगळ्यांना समजावलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. माझाही नाही.

गावाची सगळी गुरं सकाळी रानात जायच्या आधी आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, गोळा व्हायची. वरच्या पुऱ्याची काय, खालच्या पुऱ्याची काय, सगळी एकत्र. ती हलली की दाई आणि मी टोपलीतून शेण आणून टाक्यात पाण्यात कालवायचो. पहिल्या दिवशी त्या गरम शेणात कोपरापर्यंत हात घालताना माझा पदर सारखा त्यात पडत होता. दाईनं ते पाहिलं. तिनं माझ्या पदराचा बोळा करून कमरेला खोचून दिला आणि म्हणाली, "गाठी फोडत जाय. गाठ राह्यली का नयीत अटकते."

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी पाहते तर ढोल गुडघाभर वर आलेला. कुणी हात लावला नव्हता, दोर नव्हता, काही नव्हतं. चार माणसांना न उचलणारं ते लोखंड आपोआप वर येऊन पाण्यात डुलावं तसं डुलत होतं. मी किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे.

मिस्त्रीनं खोलीत नळी आणली, शेगडी बसवली आणि काडी ओढली. भक् असा बारीक आवाज झाला आणि निळ्या पाकळ्यांचं एक कडं पेटलं. धूर नाही, ठिणगी नाही, वास नाही. दाराशी माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. दाईनं तळवा जवळ नेला आणि चटकन मागं घेतला.

"बाप्पा! गाईच्या पोटात एवढं असते, अन् आपन जलमभर गोवऱ्या थापत बसलो."

त्या शेगडीवर मी सुया, काचेच्या पिचकाऱ्या, कात्र्या, दोरे उकळू लागले. छताला गॅसचा दिवाही टांगला होता. तो सूं सूं करत जळायचा आणि त्याच्या पांढऱ्या उजेडात बाळाच्या नखाएवढी वस्तूही स्वच्छ दिसायची. सुरुवातीला कुरकुर झाली. एक शेतकरी हात मागं घेऊन म्हणाला, "शेनावर शिजवलेली सुई मले नोको."

दाई तिथंच बसली होती. "तुया घरची भुई कायनं सारवते रे? देवापुढं सडा कायचा टाकते? मंग सुई शिजवली तं काय बिघडलं? दे हात इकडे."

त्यानं हात दिला.

मग पोळा आला.

त्या गावात तोरणाखालून पहिली बैलजोडी नेण्याचा मान वरच्या पुऱ्यातल्या एका घराकडे होता. पण दुष्काळात त्यांची जनावरं गेली होती आणि त्या वर्षी ते कुणाकडून तरी मागून आणलेली जोडी घेऊन उभे राहिले. खालच्या पुऱ्यातले म्हणाले, मागून आणलेल्या बैलांना कसला मान? आमची घरची जोडी आधी जाईल. मी दवाखान्यात होते. वाजंत्री ऐकू येत होती. ती एकदम थांबली. मग आरडाओरडा, आणि बैल उधळल्यावर त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळांचा आवाज चारी दिशांना पांगत गेला.

दिवस मावळायच्या आत माझ्याकडे नऊ जखमी आले. काठीचे मार होते, दगडांचे होते, एक कुऱ्हाडीच्या तुंब्याचा, पाठच्या बोथट बाजूचा, होता. त्यातला तिसरा दाईचा मुलगा. डोकं फुटलेलं आणि एका कानातून रक्त येत होतं.

"कोनं मारलं?" तिनं एकदाच विचारलं.

त्यानं सांगितलं. ज्या घराचा मान होता, त्या घरच्या धाकट्या मुलानं.

दाईनं मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, केस बाजूला केले आणि मला म्हणाली, "टाके घाल, बाई."

शिकताना मी दोनदाच टाके घातले होते, तेही मोठ्या सिस्टरांच्या नजरेखाली. त्या संध्याकाळी एकामागून एक घालत गेले. सुई उकळायची, टाका घालायचा, पुन्हा उकळायची. वरचा दिवा एका लयीत सूं सूं करत राहिला, आणि थोड्या वेळानं माझे हातही त्या लयीवर आले.

वरच्या पुऱ्यातल्या एका माणसाची भुवई फाटली होती. त्याला ओट्यावर बसवलं होतं. त्याला आत घेतलं तेव्हा खालच्या पुऱ्यातले दोघे दारात आडवे आले. "त्याले अथी आनायचं नाई."

"दिवा एकच आहे," मी म्हणाले. "टाका दिव्याखालीच पडेल. तुम्हाला बघवत नसेल तर डोळे मिटा."

बावीस वर्षांची होते मी. हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला सांगता येणार नाही. ते दोघे बाजूला झाले. तो माणूस दाईच्या मुलाशेजारी सतरंजीवर आडवा झाला आणि मी त्याच दिव्याखाली टाके घातले.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि थांबेना. नाला चढला. फरशीच्या दोन्ही टोकांना माणसं काठ्या घेऊन, दगडांचे ढीग रचून बसली. पोलिसांना निरोप गेला होता, पण त्यांची गाडी चिखलात रुतल्याचं कळलं. गावातलं एकुलतं दुकान एका जैन कुटुंबाचं होतं. ते दाराला कुलूप लावून वाशीमला सोयऱ्यांकडे गेले होते. रॉकेल तर त्याआधीच पंधरा दिवस गावात आलं नव्हतं. जळण भिजून चिंब. सगळ्या गावात भरवशाची आग एकाच ठिकाणी होती, माझ्या शेगडीवर.

पण आखरावर गुरं येईनात. दोन्ही पुऱ्यांनी आपापली जनावरं गोठ्यात बांधून ठेवली. दाईनं आणि मी खालच्या पुऱ्यातून मिळेल तेवढं शेण आणलं, ते रोजच्या निम्मंही भरलं नाही. तिकडं जखमांच्या पट्ट्या, सुया, पाणी, सगळं सारखं उकळत होतं आणि दिवा जळत होता. एरवी कमरेएवढा वर असणारा ढोल हळूहळू खाली बसत चालला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फरशीवरून एक बाई एकटीच येताना दिसली. पाणी तिच्या पिंढऱ्यांपर्यंत होतं. पन्नाशीची, डोक्यावर पोतं घेतलेली. मानाच्या घरची ती मोठी बाई होती. दाईच्या मुलाचं डोकं फोडणाऱ्याची आई. दवाखान्याच्या दारात येऊन ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, दाईकडे पाहिलं नाही.

"मोठी सून कालपासून अडली हाये. आता तिच्यात जोर नाई."

मी काही बोलायच्या आत दाई उठली होती. "घेऊन ये तिले. अथी उजेड हाये. बाजीवर टाकून आना."

"आमच्या गड्याइले इकडचे येऊ देत नाईत."

"मंग बायांनी आना."

वरच्या पुऱ्यातल्या चार बायांनी बाज उचलली. खालच्या काठावर काठ्या घेऊन बसलेली माणसं उठून उभी राहिली. एकाच्या हातात दगड होता. दाई भर पावसात फरशीच्या तोंडाशी गेली आणि त्यांच्यापुढं उभी राहिली.

"तुले म्या काढलं," तिनं एकाकडे बोट दाखवलं. "तुले बी. अन् तुया बापाले बी म्याच काढलं. हो बाजूले, पानी वाढून राह्यलं."

माणसं सरकली. ज्याच्या हातात दगड होता, त्यानं तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा नाल्यात सोडून दिला. बाज माझ्यासमोरून आत गेली. मी दाईच्या त्या ओल्या, बारीक पाठीकडे पाहत राहिले. एवढीशी बाई.

आत सासूनं तोंड उघडलं. "तुया लेकाले माया पोरानं..."

"ते मंग बोल," दाई म्हणाली. "आता तिचा पाय धर."

पाऊण तासानं मुलगी झाली. लगेच रडली नाही. दाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड पुसलं, तळपायावर बोटानं टिचक्या मारल्या, तेव्हा रडली. मी उकळलेल्या कात्रीनं नाळ कापली. वार पडली. आणि मग रक्त सुरू झालं. थांबेना. बाज भिजली, खाली थारोळं झालं. दाई दोन्ही हातांनी तिचं पोट चोळत होती. कपाटात रक्त थांबवायचं इंजेक्शन होतं, पण पिचकारी आणि सुई उकळायला हवी होती. मी भांडं शेगडीवर चढवलेलंच होतं. पाणी कोमट झालं असेल नसेल, निळी ज्योत बारीक झाली, थरथरली आणि विझली. वरचा दिवाही तांबूस पडून मालवला. बाहेर ढगांनी दुपारीच अंधारून आलं होतं.

मी मागच्या दारानं धावले. ढोल तळाला टेकला होता. त्याच क्षणी मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. शेणाच्या पाण्यावर साय धरते, ती घट्ट झाली की गॅस खालीच कोंडून राहतो, म्हणून दोन दिवसाआड ढोल गोल फिरवून साय फोडायची. या गडबडीत मी ढोलाला हात लावला नव्हता. मी त्याचा लोखंडी कान धरून जोर लावला. तो हलला नाही. खांदा लावला. नाही.

"कोणी या! ढोल फिरवायला या!" मी ओरडले.

पहिली आली दाईची सून. नवरा आत डोक्याला पट्टी बांधून पडलेला, तिथून उठून आली. मागून मानाच्या घरची ती सासू. दोघींनी एकच कान धरला, कारण दुसरा माझ्या हातात होता. मग बाज आणणाऱ्या बाया आल्या, जखमींच्या उशाशी बसलेल्या बाया आल्या. आम्ही आठ जणी असू. पाय चिखलात घसरत होते. कुणाचं कपाळ कुणाच्या खांद्याला लागत होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोर लावला आणि ढोलानं करकर असा आवाज केला. तो बोटभर सरकला. मग वीतभर. मग एकदम सुटला आणि फिरू लागला.

काठाशी बुडबुडे आले. आधी दोन-चार, मग सगळ्या कडेनं, भाताचं आधण यावं तसे. आणि आमच्या हाताखाली ते लोखंड वर येऊ लागलं. चार बोटं. वीतभर. मला ते तळव्यांना जाणवत होतं. एखादं मोठं जनावर झोपेतून उठताना श्वास भरून घेतं तसं. दाईच्या सुनेनं हात काढून तोंडावर धरले. सासू म्हणाली, "उठला वं माय, उठला!"

मी आत धावले. काडी ओढली. निळं कडं पेटलं, आधी बुटकं, मग भरून. पाणी उकळेपर्यंतचा तो वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. दाईचे हात एकदाही थांबले नाहीत. घामाचे थेंब तिच्या हनुवटीवरून खाली पडत होते. मी इंजेक्शन भरलं, दिलं. दाईनं हाताखाली काहीतरी घट्ट होताना ओळखलं असावं, कारण तिनं डोळे मिटले. रक्त कमी झालं. आणखी कमी झालं. बाळंतिणीनं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासू पुन्हा फरशी ओलांडून आली. या वेळी डोक्यावर शेणाचं टोपलं होतं. ढोलाजवळ ते उतरवून ती दाईसमोर उभी राहिली.

"माया पोरानं लय वाईट केलं," ती म्हणाली.

"त्याचं कोरटात पाह्यतीन," दाई म्हणाली. "तू शेन टाक. अन् गाठी फोडून टाक."

तिच्यामागून वरच्या पुऱ्यातल्या आणखी तिघी आल्या. थोड्या वेळानं खालच्या पुऱ्यातल्या बाया आल्या. त्यांनी आपली टोपली ढोलाच्या दुसऱ्या अंगाला ठेवली. दोन्ही बाजूंच्या बायांची तोंडं विरुद्ध दिशांना होती. पण शेण कालवायचं टाकं एकच होतं, तिथं हात एकत्र आल्याशिवाय इलाज नव्हता.

त्याच दिवशी पोलीस पोचले, डॉक्टरही आले. डॉक्टरांनी माझे टाके पाहिले, बाळंतीण पाहिली आणि मागं जाऊन ढोलाकडे बराच वेळ पाहिलं. मला म्हणाले, "हे सगळं यावर?" मी मान हलवली.

भांडण मात्र मिटलं नाही. पुढच्या पोळ्याला पोलीस बंदोबस्त होता आणि दोन तोरणं बांधली होती. खटला वाशीमच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी दोन्हीकडच्या लोकांनी थकून समझोता केला. दाईच्या मुलाला एका कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं. त्या घराशी तो पुन्हा बोलला नाही, आणि दाईनं त्याला कधी बोल म्हटलंही नाही. गुरं आखरावर एकत्र यायला दोन वर्षं लागली. मधल्या काळात दवाखान्याला शेण दोन्ही पुऱ्यांतून येत राहिलं, एकाही दिवसाचा खाडा न पडता. कोण आणून टाकायचं ते मी कधी विचारलं नाही. सकाळी दार उघडलं की टोपली असायची.

त्या मुलीला तिची आई डोस पाजायला घेऊन यायची. ती रांगू लागली, मग चालू लागली. दाई तिला पाहिली की तिचे तळपाय धरून बघायची.

तीन वर्षांनी माझी बदली इंझोरीला झाली. तिथंही वीज नव्हती. सुया चुलीवर उकळाव्या लागत आणि धुरानं माझे डोळे चुरचुरत. पहिल्याच महिन्यात मी गोबरगॅससाठी अर्ज लिहिला आणि स्वतः वाशीमला जाऊन कचेरीत दिला. तिथल्या साहेबांना वाटलं, एका नर्सबाईला खड्डे-बांधकामाची काय उठाठेव. त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं. मी बसले. दुपारी त्यांनी आत बोलावलं आणि विचारलं, "याचा दवाखान्याला नेमका उपयोग काय?"

मी पोळ्याच्या त्या तीन दिवसांची हकिकत सांगितली. ते मधेच लिहायचे थांबले. पेन हातात तसंच धरून ऐकत राहिले. अर्ज मंजूर झाला. उन्हाळ्यात खड्डा खणायला घेतला, तेव्हा चार हातांवरच मुरूम लागला आणि काम महिनाभर रेंगाळलं. खड्डा पुरा होईपर्यंत इंझोरीच्या बायांबरोबर मीही रोज दवाखाना आटोपून मातीच्या पाट्या वाहिल्या.